हशा कोणाचा?

डिसेंबरात लंडनमध्ये चार वाजताच अंधार पडतो. दुपारच्या चहाची आणि दिवेलागणीची वेळ एकच होऊन बसते, आणि तिथून रात्रीच्या जेवणापर्यंतचे तीन-चार तास दिवसाच्या खात्यात धरावेत की रात्रीच्या, हा प्रश्न मला इथे येऊन वीस वर्षे झाली तरी सुटलेला नाही. गेली काही वर्षे अशी एक संध्याकाळ शेजारच्या गृहस्थांकडे जाते. ते ऐंशी ओलांडलेले आहेत आणि एकटेच राहतात. ते मला नावाने हाक मारतात आणि मीही त्यांना नावानेच हाक मारावी अशी त्यांची इच्छा असते. परंतु वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, त्यामुळे मी हाक मारणेच टाळते. त्यांच्या दिवाणखान्यात जुन्या ब्रिटिश मालिकांच्या डीव्हीडींनी खच्चून भरलेले एक कपाट आहे. मी चिवडा नेते, ते चहा करतात आणि कपाटातून काय काढायचे यावर आमचा थोडा वाद होतो.

यंदा सुरुवात ‘फॉल्टी टॉवर्स’ने झाली. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातले एक हॉटेल, त्याचा तिरसट मालक बेसिल, त्याला धाकात ठेवणारी बायको सिबिल आणि इंग्रजीशी जेमतेम तोंडओळख असलेला, बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल एवढ्या भांडवलावर ही मालिका उभी आहे. १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे तिचे अवघे बारा भाग झाले. आपल्याकडे एखादी मालिका चालू लागली की नायिकेच्या नातवंडांची लग्ने लागेपर्यंत ती थांबत नाही. बेसिलचे काम करणारा जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी मात्र बारा भाग लिहिले आणि हात धुऊन मोकळे झाले. ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला अजिबात परकी वाटली नाही, आणि त्याचे कारण कळायला थोडा वेळ लागला. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात मी जी व्यावसायिक नाटके पाहिली, त्यांचे नेपथ्य असेच असायचे. तीन भिंती, मागे जिना, डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार, आणि एका दारातून नको असलेला माणूस आत येण्याच्या क्षणी दुसऱ्या दारातून हवा असलेला माणूस बाहेर जाणार. प्रहसनाचे निम्मे काम सुताराकडे असते, असे माझे मत आहे.

चौथी भिंत नसते तिथे कॅमेरे असतात आणि कॅमेऱ्यांच्या मागे माणसे बसलेली असतात. त्या काळी बीबीसीच्या अशा विनोदी मालिकांची काही दिवस तालीम होत असे आणि मग एका संध्याकाळी प्रेक्षकांसमोर भाग ध्वनिचित्रमुद्रित केला जाई. प्रवेशिका फुकट असत. पत्र पाठवून मागवायच्या आणि थंडीत रांगेत उभे राहायचे. बाहेर रस्त्यावरचे किंवा शेतातले प्रसंग आधीच चित्रित केलेले असत आणि ते स्टुडिओत टांगलेल्या पडद्यांवर दाखवून त्यांवरही या प्रेक्षकांचा हशा टिपून घेतला जाई. त्यामुळे या मालिकांतला हशा बहुतांशी खराखुरा, त्या संध्याकाळी पोटातून आलेला हशा आहे, आणि नाटकातल्याप्रमाणेच नटांना त्याच्यासाठी थांबावे लागते. आपल्याकडचा मुरलेला नट हशा ओसरत आला की नेमका केव्हा पुढचे वाक्य टाकतो, हे ज्यांनी पहिल्या रांगेतून पाहिले आहे, त्यांना क्लीझच्या नुसत्या खांद्यांकडे पाहूनही पुष्कळ समजेल.

बाहेरचे प्रसंग वेगळे चित्रित केल्याची खूण चित्रातच राहून गेली आहे. स्टुडिओतले इलेक्ट्रॉनिक कॅमेरे सेकंदाला पन्नास वेळा चित्र टिपत, त्यामुळे खोलीतल्या हालचाली गुळगुळीत आणि सगळे कसे समोर घडल्यासारखे दिसते. बाहेरचे चित्रण मात्र १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, सेकंदाला पंचवीस चौकटींचे, जरा भुरकट आणि दाणेदार. बेसिल हॉटेलच्या दारातून बाहेर पाऊल टाकतो आणि त्याची कांतीच बदलते. मॉन्टी पायथन या विनोदी नटसंचाच्या मंडळींनी १९७० मध्ये यावरच एक प्रवेश रचला होता. त्यातली सभ्य माणसे दार उघडून बाहेर डोकावतात, बाहेर सगळी फिल्म आहे असे त्यांच्या लक्षात येते आणि आपण चहूबाजूंनी वेढले गेलो म्हणून ती हवालदिल होतात. हा जोड मला आवडतो. हल्ली घर आणि अंगण एकाच सफाईने दिसतात आणि उंबरठा ओलांडल्याचे कोणालाही कळत नाही.

दुसऱ्या चहाबरोबर ‘डॅड्स आर्मी’ निघाली. ही त्यांची खरी लाडकी मालिका. १९६८ ते १९७७ या काळात तिचे ऐंशी भाग झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात घेण्याजोगी नसलेली, बहुतेक पिकल्या केसांची माणसे वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाच्या काल्पनिक गावाचे रक्षण करायला सरसावतात आणि गावातल्या बँकेचा मॅनेजर मॅनरिंग त्यांचा कॅप्टन होतो, ही तिची कथा. १९७३ च्या एका भागात पकडलेल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान त्यांच्या ताब्यात येतो. युद्ध जिंकल्यावर कोणाकोणाला धडा शिकवायचा याची यादी तो वहीत करत असतो. तुकडीतला सर्वांत लहान पोरगा पाईक हिटलरची टिंगल करणारे गाणे म्हणतो, कप्तान म्हणतो की तुझेही नाव यादीत जाईल, काय नाव तुझे? त्यावर मॅनरिंग तत्परतेने बजावतो, “सांगू नकोस हं त्याला, पाईक!” मॅनरिंगचे काम करणारा आर्थर लो हे वाक्य किती जबाबदारीने म्हणतो! विनोद करतो आहोत याचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नसतो. त्यानंतर स्टुडिओत जो हशा फुटतो, तो मी आजवर दहा वेळा तरी ऐकला असेन आणि दर वेळी त्यात सामील झाले आहे.

हा हशा आपल्याला ऐकायला मिळतो, हीही कृपाच. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोणी पाहील असे फारसे कोणाला वाटत नव्हते; त्यामुळे जुने पुसून त्याच टेपवर नवे मुद्रित करण्याची पद्धत होती. आमच्याकडे पाटीवरचा अभ्यास पुसून पुढचा लिहीत, तसेच. ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या पर्वातले पाच भाग असे गेले. त्यांतले दोन २००१ मध्ये फिल्मच्या रूपात परत मिळाले, तीन अजूनही नाहीत. ‘डॉक्टर हू’चे नुकसान याहून मोठे आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या या विज्ञानमालिकेचा पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला तरुण होता, आणि मुख्यतः त्यानेच दिग्दर्शित केलेल्या मार्को पोलोच्या कथेचे सातही भाग आज पाहायला मिळत नाहीत. त्यांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण काही वेड्या मुलांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून ठेवला होता. चित्र गेले आणि आवाज उरला.

एक डीव्हीडी ते कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवतात आणि मी विचारल्याशिवाय काढत नाहीत. ‘डॅड्स आर्मी’च्याच जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही मालिका १९७४ ते १९८१ या काळात चालली, आणि ती सुरू होते आमच्या देवळालीत. माझे माहेर नाशिकचे. देवळाली कॅम्प म्हणजे आमच्या लेखी शुद्ध हवा आणि तोफखान्याचा सराव. इंग्रज शिपायांच्या लेखी मात्र मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्महिने कुजण्याची जागा. डोके फिरल्याला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणतात तो शब्द तिथूनच आला आणि ‘डूलाली टॅप’ या मूळ प्रयोगातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पेरी स्वतः तिथल्या छावणीत शिपायांची करमणूक करणाऱ्या पथकात होता, त्यामुळे तपशील घरचेच आहेत. परंतु रंगी राम हा हिंदी नोकर तोंडाला तपकिरी रंग फासलेल्या मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने केला आहे. बेट्सचा जन्म झाशीचा, भाषेची त्याला जाण होती, आणि नट म्हणून तो उत्तमच आहे. तरीही तो ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो तेव्हा उसळणाऱ्या हशात मला सामील होता येत नाही. पंखा ओढणारा माणूस आपल्या भाषेत लांबलचक पुटपुटतो आणि शेवटचा एखादाच शब्द इंग्रजीत म्हणतो. स्टुडिओतली माणसे त्या शेवटच्या शब्दाला हसतात. त्याआधीचे कळणारी त्या खोलीत मी एकटीच असते, आणि शेजारचे गृहस्थ टीव्हीकडे न पाहता माझ्याकडे पाहत असतात. बीबीसी ही मालिका आता पुन्हा दाखवत नाही. आम्हीही अर्ध्या भागावर थांबलो.

शेवटी तोंडाची चव बदलावी म्हणून मी ‘येस मिनिस्टर’ मागितली. ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर लागत असे. माझे बाबा जिल्हा परिषदेत होते. त्यांचे इंग्रजी कामापुरते होते आणि त्यातल्या मंत्र्याला गुंडाळणाऱ्या सनदी अधिकारी सर हम्फ्रींची अर्ध्या पानाची वाक्ये त्यांना शब्दशः कळत असतील असे मला वाटत नाही. पण एका भागात पाचशेच्या आसपास कर्मचारी असलेले, पंधरा महिने उत्तम चाललेले आणि एकही रुग्ण नसलेले इस्पितळ निघते; ते स्वच्छतेच्या पारितोषिकाच्या शर्यतीतही असते. त्या वेळी बाबांचा हशा लंडनच्या हशाच्या आधी आला होता. फाइल पुढे कुठे जाणार, हे त्यांना ठाऊक होते.

साडेसात वाजले. निघताना मी नेहमीचा प्रश्न विचारला. तरुणपणी शेजारचे गृहस्थ प्रवेशिका मिळवून ‘डॅड्स आर्मी’च्या एका मुद्रणाला गेले होते, भाग कोणता ते आता त्यांना आठवत नाही, परंतु आपला हशा ओळखू येतो असा त्यांचा दावा आहे. त्यांनी डीव्हीडी पुन्हा लावली, पाईकच्या जागी आणली आणि बोट वर करून मला थांबायला सांगितले. हशा फुटला, ओसरू लागला आणि शेवटी मागच्या रांगेतून कोणीतरी एकटेच, उशिरा, खोकत हसले. “हा मी,” ते म्हणाले. गेल्या वर्षी त्यांनी दाखवलेला हशा बाईचा होता.