मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : ५५ मिनिटांचा ताप

आई-बाबांना ताईकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला पाठवायचं होतं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर नकाशावर सुमारे १३,५०० किलोमीटर. त्यांच्या तारखांना थेट विमान नव्हतं, म्हणून फ्रँकफर्टमार्गे तिकीट काढलं. फ्रँकफर्टपर्यंत साडेसहा हजार, पुढे नऊ हजारांहून थोडं जास्त, म्हणजे दोन हजार किलोमीटरचा वळसा. तो चालण्यासारखा होता. व्हिसा होताच, बाकीचंही भराभर झालं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी विमानांचं उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं. त्याआधी बुकिंग साइटचा मेल आला : ‘वेळेत किरकोळ बदल.’ उघडून पाहिलं तर फ्रँकफर्टचा थांबा तीन तासांवरून ५५ मिनिटांवर आलेला! बाबांचे गुडघे दुखतात, आईला इंग्रजी पाट्या वाचायला वेळ लागतो. त्यात अमेरिकेच्या विमानाआधी कागदपत्रं पुन्हा तपासतात आणि दारं विमान सुटण्याच्या बरीच आधी बंद होतात. मेलखाली ‘मान्य आहे’ असं बटण होतं. ते मी दाबलं नाही, तुम्हीही दाबू नका. एकदा मान्य केलं की फुकट बदल मागायची बाजू लंगडी पडते.

साइटला फोन केला तर म्हणे, विमान कंपनीशी बोला. कंपनी म्हणे, तिकीट एजंटनं काढलंय, कंट्रोल त्याच्याकडे आहे. पुन्हा साइट, पुन्हा तेच संगीत, पुन्हा नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. कंपनीच्या एका बाईंनी तर ऐकवलं, ‘फ्रँकफर्टला ४५ मिनिटं पुरेशी धरतात, तुमचं कनेक्शन नियमात बसतं.’ नियमात बसत असेल, पण सत्तरीच्या माणसांना ते पळत गाठता येत नाही! अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी उपयोगी पडलं ते एकच वाक्य : ‘बदल तुम्ही केलाय, आम्ही नाही; मला मुंबईहून आधीचं विमान विनाशुल्क द्या आणि तशी नोंद बुकिंगवर टाका.’ नोंद पडल्यावर साइटला तिकीट नव्यानं काढावंच लागलं. इथे एक मेख आहे. नवं विमान बुकिंगमध्ये दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. तिकीट रीइश्यू झालंय का आणि १३ आकडी ई-तिकीट नंबर नव्या विमानांना लागलाय का, ते विचारा. आमचा दोन दिवस लागलेला नव्हता.

नव्या वेळा अशा : मुंबईहून रात्री १ ला निघायचं आणि त्याच तारखेला दुपारी साडेबाराला पोचायचं. मावशीला वाटलं, साडेअकरा तासांचाच प्रवास! उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, तेव्हा खरा प्रवास पूर्ण २४ तासांचा : नऊ तास, साडेतीन तासांचा थांबा, मग साडेअकरा तास. औषधांच्या वेळा याच हिशेबानं लिहून दिल्या.

व्हीलचेअरची मागणी तिकीट बदललं की कधी कधी गळून पडते, ती पुन्हा नोंदवून घ्या. आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. पहिलं उशिरा पोचलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

तीन तासांपेक्षा कमी थांब्याचं तिकीट आई-बाबांसाठी मी आता काढणार नाही, कितीही स्वस्त असो.