आमची वाटचाल : सोनेगावचा विमानतळ आणि आमचे काटे

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा विषय निघाला की जुनी माणसे रात्रीच्या डाकविमानांवर येतात. आमचा धंदा वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा, त्यामुळे आमच्याकडे त्याच काळाची गोष्ट काट्याच्या बाजूने सांगितली जाते. ही सेवा १९४९च्या जानेवारीत सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमाने निघत, नागपुरात एकत्र येत, डाकेच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातली पत्रे जादा शुल्काशिवाय विमानाने जाऊ लागली, तेव्हा थैल्या वाढल्याच. १९७३पर्यंत हे चालले. परतीच्या प्रत्येक विमानात उरलेल्या तिन्ही शहरांची डाक आणि वर नागपूरचा माल, म्हणजे भाराचा हिशोब रोज मध्यरात्री नव्याने मांडायचा. त्या काळच्या डाकोटा विमानात जेमतेम २१ ते २८ प्रवासी. इतक्या लहान विमानात दोन-चार ट्रंका पुढच्या कप्प्याऐवजी मागे गेल्या तरी तोल बदलतो. म्हणून त्या काळी सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करत. पुढे मोठ्या विमानांसाठी माणसाचे ठरावीक वजन धरण्याची पद्धत आली आणि काट्यावर फक्त सामान राहिले.

तेव्हाचा प्लॅटफॉर्म काटा म्हणजे बिडाची चौकट, आत एक लांब आणि एक आखूड तरफ, वर पाट आणि खांबावर दांडी. पाटावरचा भार दांडीच्या टोकाला शंभरावा हिस्सा होऊन पोचतो. टांगणीवर १०० ग्रॅमची चकती ठेवली की पाटावरचे १० किलो तोलले जातात. सोय मोठी, पण चूकही शंभरपट. चकतीला १ ग्रॅम माती चिकटली तर सामान १०० ग्रॅमने हलके दिसते. चकती झिजली तर तेच सामान जड. म्हणून चकत्या त्याच काट्याच्या हव्यात. शेजारच्या काट्याचे प्रमाण वेगळे असेल तर तिथली उसनी चकती सगळा हिशोब बिघडवते, आणि हे फार वेळा होई.

तरफा ज्या पोलादी धारांवर टेकतात त्यांना धंद्यात नाइफ एज म्हणतात. काट्याचा जीव तिथे. सामान ठेवण्याआधी दांडी लॉक करायची, ठेवून झाल्यावर सोडायची, हा नियम. विमान उभे असताना हमालाला तेवढी सवड नसते. होल्डॉल वरून आदळतो आणि धारेचा कण उडतो. धार बोथट झाली की काटा मंदावतो : पूर्ण भारावर थोडे वजन वाढवले तरी दांडी हलत नाही. आम्ही आधी हीच संवेदनशीलता तपासतो, मग अचूकता. आणखी एक, धारांना तेल किंवा ग्रीस लावू नये. विदर्भातली उन्हाळी धूळ तेलावर बसते आणि त्याची घासणारी पेस्ट तयार होते. रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून धार कोरडी ठेवायची. कुणीतरी आपुलकीने तेल सोडलेला काटा दुरुस्त करायला सर्वात जास्त वेळ लागतो.

१९५८च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि आमच्या व्यवसायाला पहिली मोठी कामे मिळाली. पौंडाच्या खुणांची दांडी काढून किलोची बसवायची, चकत्यांचा संच बदलायचा, शून्य जुळवून काटा पासिंगला, म्हणजे सरकारी पडताळणी आणि शिक्क्यासाठी, न्यायचा. मोफत सामानाची मर्यादा ४४ पौंडांवरून २० किलो झाली तरी प्रवाशाच्या दृष्टीने फरक नव्हता, कारण २० किलो म्हणजे ४४.०९ पौंड. दांडीवरच्या खुणा मात्र सगळ्याच बदलल्या.

नंतर गोल तबकडीचे काटे आले. सुई लगेच स्थिरावते, चकत्या नाहीत, रांग भरभर सरकते. सुई झुलत राहू नये म्हणून आत तेलाचा डॅशपॉट, म्हणजे झोका शमवणारी तेलाची डबी, असतो, आणि नागपूरच्या हवेत तोच त्रास देई. मे महिन्यात ४५ अंशांवर तेल पातळ होते, सुई डोलत राहते. डिसेंबरच्या पहाटे तेच तेल घट्ट होऊन सुई आळसावते. ऋतूप्रमाणे झडप थोडी आवळणे किंवा सैल करणे एवढेच काम, पण वेळेवर झाले पाहिजे. प्रवाशांशी होणारे वाद मात्र बहुधा तेलामुळे नसत. प्रवासी तबकडीकडे तिरक्या कोनातून पाही आणि क्लार्क समोरून, म्हणून दोघांना अर्ध्या किलोचा फरक दिसे.

आता काउंटरवर लोडसेलचे काटे आहेत. धार नाही, दांडी नाही. लोडसेल म्हणजे धातूचा ठोकळा. तो भाराने किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेली स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारी पट्टी, तो बदल पकडते आणि आकडा उमटतो. आमचे मत विचाराल तर जुना काटा बिघडला की अडखळे, नवा बिघडूनही ठाम आकडा दाखवतो. म्हणून तपासणी जास्त कडक हवी. बिघाडाचे कारण बहुतेक वेळा लोडसेल नसतेच. पाट आणि चौकट यांच्या फटीत बॅगेच्या टॅगचा कागद, नाणे किंवा तुटलेले चाक अडकते. काही भार चौकटीवर जातो आणि बॅग हलकी दिसते. बॅग बाजूच्या पत्र्याला टेकली तरी तेच. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे लोडसेलच्या तारा जोडलेल्या डबीत, ओल शिरली की रिकाम्या काट्याचे शून्य सरकत राहते. उंदीर केबल कुरतडतात. वीज कडाडली आणि अर्थिंग खराब असेल तर दर्शकाचे, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या यंत्राचे, सर्किट जाते.

नियम समजून घेतला तर निम्मे वाद मिटतात. १५० किलोच्या काट्यावर १०० ग्रॅमची पायरी, म्हणजे आकड्यातला सर्वात लहान टप्पा, असेल तर पडताळणीच्या वेळी ५० किलोपर्यंत ५० ग्रॅम आणि त्यापुढे १०० ग्रॅम इतकी चूक चालते. वापरातल्या काट्याला दुप्पट सवलत. त्यामुळे २० किलोच्या बॅगेला अर्धा किलो जास्त दिसत असेल तर एक तर बॅग खरेच जड आहे, नाही तर काटा तत्काळ बंद करायचा आहे.

इलेक्ट्रॉनिक काट्याचे पासिंग दर १२ महिन्यांनी होते. आम्ही ते दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत घेतो, पण दर्शक अर्धा तास आधी चालू करून ठेवायला सांगतो. थंड दर्शकावर केलेले कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या वजनाशी जुळवणे, तासाभरात सरकते. क्रम असा : फटी साफ करणे, बुडबुडा पाहून लेव्हल, रिकामे शून्य, मग चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने क्षमतेच्या एक तृतीयांश, म्हणजे ५० किलो. एखादा कोपरा वेगळा बोलला तर जंक्शन बॉक्समधला त्याचा ट्रिमर, म्हणजे बारीक जुळवणीचा स्क्रू, फिरवायचा, आणि त्यानंतर उरलेले तीन कोपरे पुन्हा, कारण एक फिरवला की बाकीचे थोडे हलतात. मग शिक्क्याची २० किलोची वजने चढवत पूर्ण क्षमतेपर्यंत जायचे आणि तशीच उतरवत यायचे. उतरताना आकडा चढतानापेक्षा वेगळा आला किंवा रिकामा काटा शून्यावर परतला नाही तर कुठेतरी घर्षण आहे. तिथे कॅलिब्रेशनने आकडा जुळवून घेणे म्हणजे दोष झाकणे. सगळे जमले की कॅलिब्रेशनच्या स्विचवर तार आणि शिशाचे सील. ते सील तोडून काम केले की १२ महिने व्हायचे असले तरी काटा पुन्हा पासिंगला न्यावा लागतो. म्हणून दुरुस्तीची तारीख ठरवताना आम्ही आधी निरीक्षकांची वेळ घेतो आणि मगच काउंटर उघडतो.