सत्तर ग्राम हळद

मी जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचा आजार असलेले पेशंट डॉक्टर माझ्याकडे पाठवतात. त्या सोमवारी अमळनेरकडचा एक पंचविशीतला मुलगा आला, सोबत आई. पोरगा पार उतरलेला, नखं पांढरीफटक. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास.

मावशींनी पिशवी उघडली आणि माझं टेबल भरलं. कोरफडीच्या रसाची बाटली, मधात कालवलेली हळद, वाळवलेल्या बेलाच्या चकत्या, इसबगोल, स्टीलच्या बाटलीत बीटचा रस. "ताई, याले काय देऊ खावाले?" या आजारावरच्या नेहमीच्या, मेसालामिनच्या गोळ्या मात्र पिशवीत नव्हत्या. कुणीतरी सांगितलं होतं, आतड्याचा आजार आहे तर आतड्यातूनच बरा होईल, गोळ्या सोडा. त्यांनी सोडल्या.

बीटचं कळल्यावर मी पेन खाली ठेवलं. रक्त पडतंय म्हणून रक्त वाढवायला बीट, दोन वेळा ग्लासभर. बीटने कुणाकुणाची संडास लाल होते. त्यामुळे रोज सकाळी दिसणारं लाल रक्ताचं किती आणि बीटचं किती, हे घरात कुणालाच सांगता येईना. मी डॉक्टरांना फोन लावला. बीट बंद, आणि त्याच दिवशी दुर्बिणीने तपासणी. सूज चांगलीच वाढलेली निघाली. म्हणजे रक्तही खरंच होतं.

मग एकेक बाटली हातात घेतली. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब लावतो, आणि घरी काढलेल्या रसात तो उतरतोच. ज्याला आधीच दिवसातून दहा वेळा जावं लागतंय, त्याला हे कशाला? इसबगोल वाईट नाही, पण सूज उतरल्यावर, डॉक्टरांना विचारून.

हळदीवर मावशींचा फार जीव. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. २००६ साली जपानमधल्या ८९ पेशंटांचा एक अभ्यास छापून आला. आजार शांत असताना सहा महिने रोज २ ग्राम कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, घेणाऱ्यांमध्ये तो न घेणाऱ्यांपेक्षा कमी जणांचा उलटला. पण दोन्ही गटांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, हा भाग सांगताना नेमका गळतो. शिवाय हळदीत कुर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. मी कागदावर हिशेब मांडला : २ ग्रामसाठी रोज सत्तरेक ग्राम हळद.

मावशी हसल्या. "इतली ते नवरदेवले बी लागस नही!"

खरं सांगायचं तर पिशवीपेक्षा त्यांचा स्वयंपाक जास्त बरोबर होता. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, कच्ची केळी उकडून मीठ-जिरं लावलेली. ते पोराला पचतही होतं. मी तेच चालू ठेवलं, त्यात अंडी वाढवली. कळण्याची भाकरी तेवढी थांबवली, कारण सालासकट उडीद सुजेत सोसत नाही. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार; लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा-आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषण देऊन सूज उतरवतात, तिथे आहार हाच उपचार असतो. याचा आजार तो नव्हे. याला गोळ्या लागणारच होत्या, आणि सुरुवातीला स्टेरॉइडही.

पोरगा तोवर गप्प होता. उठता उठता म्हणाला, "मॅडम, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते. मी काय नुसतं बघत बसू?"

कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, त्यात मूठभर हिरवी मिरची. खानदेशी माणसाला हे जन्मभर बंद म्हणणं मला तरी जमत नाही, आणि तशी गरजही नसते. सूज उतरली की वांगं चालेल, मिरची घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायचा, कच्ची कांद्याची पात नको.

"बिनमिरचीचं?" तो आईकडे बघून म्हणाला. मावशींनी कोरफडीची बाटली माझ्या टेबलाखालच्या डब्यात टाकली, हळद मात्र परत पिशवीत ठेवली. वरणात घालायला, म्हणाल्या.