तंगुसाला टांगलेला उपग्रह : नोंद तिसरी

उपग्रहाची नक्कल करणारा डबा हव्या कोनाला वळवायला मी एक न्यूरल नेटवर्क शिकवतोय. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली डब्यावर, शहाण्यासारखं वागणारं हे नेटवर्क खऱ्या डब्यावर चढवलं आणि डब्याला थरथर सुटली.

डबा नेहमीचाच: १० सेंटिमीटरचा घन, आत ईएसपी३२ (चिपवरचा छोटा संगणक), जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर), बॅटरी आणि ब्रशलेस मोटरवर पितळी चाक. चाक एकीकडे फिरवलं की डबा उलटीकडे वळतो. औशाजवळ आजोळी माळवदाच्या तुळईला कडी आहे, तिथे गळाच्या तंगुसाने टांगलाय. ("पाळणा बांधायच्या कडीला हे काय लटकविलंस बाबा?" इति आजी.) लोडशेडिंगला सगळे शिव्या घालतात, मी मात्र त्याचीच वाट बघतो. पंख्याच्या वाऱ्याने डबा फिरतो, त्यामुळे चाचण्या वीज गेल्यावरच.

थरथरीचं मूळ सापडायला दोन आठवडे गेले. सिम्युलेशनमधली मोटर हुकमासरशी हलायची. खरी आधी अडून बसते, मग एकदम सुटते. वर जायरोपासून मोटरपर्यंत २० मिलिसेकंद जातात. दोन्ही गोष्टी सिम्युलेशनमध्ये घातल्या, दर फेरीला उशीर, घर्षण आणि डब्याचं जडत्व बदलत ठेवलं, झटक्याने हुकूम बदलला की बक्षीस कापलं. पीपीओने (बक्षिसातून शिकवायची पद्धत) पुन्हा शिकवलं. थरथर गेली.

मग दुसरंच उपटलं. दिलेल्या कोनावर डबा दीड मिनिट शांत, आणि अचानक गरगर. नेटवर्कला दोष देत मी तीनदा शिकवणी घेतली. दोषी निघाला तंगूस! त्याचा पीळ डब्याला सतत एकाच बाजूला ढकलतो, तो अडवायला चाक वेग वाढवत जातं आणि मोटरची कमाल गाठली की हातात काही उरत नाही. कक्षेत तंगूस नसतो, पण विरळ हवा आणि सूर्यप्रकाशाचा दाब हाच उद्योग करतात. तिथे चाकात साठलेला वेग चुंबकीय कॉइल पृथ्वीच्या क्षेत्राला रेटून उतरवतात. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या 'स्वयम्' उपग्रहाने (२०१६) तर चाकांची भानगडच ठेवली नव्हती, आतल्या चुंबकांवर भागवलं.

आता पीडीशी सामना. पीडी म्हणजे कोनातली चूक आणि फिरण्याचा वेग बघून मोटर चालवणारं साधं सूत्र. रिकाम्या डब्यावर पीडीच सरस, आणि त्याला लागतात दोनच आकडे. हे कबूल करायला जड गेलं. पण समोरासमोरच्या कोपऱ्यांना जड बोल्ट लावले, तसा पीडी डुलायला लागला. शेवटची आठ वाचनं बघून चालणाऱ्या नेटवर्कने फरक फारसा जाणवूच दिला नाही. व्युर्झबर्ग विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'इनोक्यूब' या छोट्या उपग्रहाला कक्षेत सिम्युलेशनमध्ये शिकलेल्या नेटवर्कने वळवलं, तेव्हाच हा किडा डोक्यात शिरला होता. त्यांच्याकडे तीन अक्ष, माझ्याकडे एक.

पुढचं काम कॉइलचं. लातुरात मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीकडे बारीक तांब्याची तार मागितली. त्याने विचारलं, "पंप किती एचपीचा?"