सीड तोच, उत्तर वेगळं: चोर सापडला

एकदाचं सापडलं! कारखान्यातल्या मशीनचं काम एकेका घटनेने (इव्हेंटने) पुढे नेऊन बघणारा माझा पायथनमधला सिम्युलेशन प्रोग्राम तीन आठवडे छळत होता. सीड (रँडम आकड्यांची मालिका ज्यावरून सुरू होते तो आकडा) 42, कोड तोच, कॉम्प्युटर तोच, तरी दर रनला दिवसअखेरचे नग वेगळे. मागच्या वेळी मी रँडम जनरेटरवर संशय घेतला होता. त्याचा काही दोष नव्हता.

शेवटी डीबगर (कोड पायरीपायरीने तपासायचं साधन) बाजूला ठेवला. प्रत्येक इव्हेंटची एक ओळ फाइलमध्ये टाकायची आणि दोन रनच्या फाइल्स ताडून बघायच्या, यासारखं हत्यार नाही. पहिला फरक बरोबर 480 व्या मिनिटाला. एका रनमध्ये आधी ‘काम पूर्ण’, मग ‘शिफ्ट संपली’, दुसऱ्यात उलट. पहिल्या मशीनसमोर सुरुवातीपासून ढीग, नगाला ठरलेली 5 मिनिटं, म्हणजे 96 वा नग शिफ्ट संपते त्याच क्षणी हातावेगळा होतो. शिफ्टचा इव्हेंट आधी निघाला की तो नग उद्यावर. त्यात सगळ्या मशीन एकाच जनरेटरमधून आकडे उचलतात, मग एक क्रम हलला की पुढचं सगळंच सरकतं.

पण क्रम हलतो कशाने? पुढचे इव्हेंट हीपमध्ये असतात, म्हणजे सगळ्यात लहान नोंद आधी बाहेर काढणाऱ्या रचनेत. त्यात मी (वेळ, इव्हेंट) अशी जोडी ठेवत होतो. वेळ सारखी आली की पायथन इव्हेंटचीच तुलना करायला जातो आणि टाइपएरर देतो. तो घालवायला मी इव्हेंटच्या क्लासमध्ये तुलनेची मेथड लिहून आयडी ताडले होते. सीपायथनमध्ये (पायथनची नेहमीची आवृत्ती) आयडी म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि तो रनगणिक बदलतो!

आता हीपमध्ये (वेळ, प्राधान्य, अनुक्रमांक, इव्हेंट). अनुक्रमांक कधीच सारखा नसतो, त्यामुळे तुलना इव्हेंटपर्यंत पोचतच नाही. प्राधान्य ‘काम पूर्ण’ला 0, शिफ्टला 1, लहान आकडा आधी. सिमपाय हे पायथनचं सिम्युलेशन पॅकेजसुद्धा आतून हेच करतं. त्याचा सोर्स फार सुरेख आहे, जरूर वाचा. वीस रन काढले, विसाच्या वीस फाइल्स अक्षर न् अक्षर सारख्या. किती वेळ नुसता बघत बसलो होतो!

त्याच इंजिनवर एम/डी/1 (एकच सेवा देणारा, येणारे रँडम, सेवेची वेळ ठरलेली अशी रांग) पण तपासलं. भार 0.8, सेवा ठरलेली 1 मिनिट: सूत्राने सरासरी वाट 2 मिनिटं, एम/एम/1 च्या (तशीच रांग, पण सेवेची वेळही रँडम) 4 च्या बरोबर निम्मी. दोन्ही जुळली.

पुढे मशीन बंद पडण्याचे इव्हेंट घेणार होतो. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, माझं घड्याळ अजून फ्लोटमध्येच आहे, म्हणजे दशांश आकड्यांत, जे कॉम्प्युटर बऱ्याचदा अंदाजेच साठवतो. 5 होते म्हणून वेळा जुळल्या. 0.1 दहा वेळा मिळवलं तर 0.9999999999999999 येतं, तिथे वेळा जुळणारच नाहीत, मग प्राधान्याचा प्रश्नच येणार नाही. तेव्हा बिघाड मागे. आधी घड्याळ पूर्णांक मिलिसेकंदांत, आणि प्रत्येक मशीनला स्वतःचा जनरेटर.