पाचव्या चेंडूवरचा झेल

आज दुपारभर वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सचे जुने व्हिडिओ बघत बसलो. स्वान्सी, १९६८. माल्कम नॅशच्या एकाच षटकात त्याने मारलेले सहा षटकार, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण पाचवा चेंडू आज नीट पाहिला. रॉजर डेव्हिसने झेल पकडला, तोल जाऊन सीमारेषेपलीकडे पडला, आणि पंचांनी षटकार दिला!

बार्बाडोसचा हा पोरगा सोबर्स १९५४मध्ये कसोटीत आला तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीला थेट नववा. चार वर्षांनी किंग्स्टनला पहिलं कसोटी शतक ठोकलं, तेच नाबाद ३६५. पुढे नव्या चेंडूने वेगवान माराही केला. ९३ कसोटी, ८०३२ धावा, २३५ बळी. माझ्या लेखी याच्या तोडीचा अष्टपैलू झालेला नाही.

त्या ३६५चं चित्रण कुणाकडे असेल तर पाठवा ना, फार बघायचंय.