पारोल कंदील टांगण्यासाठी मुखत्यारपत्र : मारिकिनातील नाताळच्या तयारीचा माझा अनुभव

फिलिपीन्समध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने वर्षअखेरीची डागडुजी आणि नाताळची सजावट करायचे ठरवले, तर सामान, कारागीर किंवा खर्च यांची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. काळजी करावी ती घरमालकाच्या सहीच्या एका कागदाची. गेल्या वर्षी या एका कागदाने आमचा जवळजवळ सगळा नोव्हेंबर घेतला, आणि तो वाया गेल्याची चीड अजूनही गेलेली नाही. माझ्यासारखे आणखी कोणी या देशात राहत असेल, तर त्याला तरी वेळेवर कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही मूळचे वसईचे. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षांपासून मनिला महानगरातील मारिकिना शहरात एका दुमजली घरात भाड्याने राहतो. घर कुंपण आणि फाटक असलेल्या वसाहतीत आहे. येथे अशा वसाहतीला व्हिलेज म्हणतात, आणि तिचा कारभार घरमालकांची संघटना पाहते. आमच्या घराची मालकीण दुबईत परिचारिका आहे. परदेशी नोकरी करून मायदेशी घर बांधणारी आणि ते भाड्याने देणारी माणसे या देशात घरोघरी आहेत, त्यामुळे आमची परिस्थिती काही वेगळी नव्हती. म्हणूनच संघटनेच्या कार्यालयाला अशा परिस्थितीची सवय असायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते.

येथे जून ते सप्टेंबर हबागात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, आणि वादळे तर डिसेंबरपर्यंतही येत राहतात. मारिकिनाच्या लोकांना पावसाची थट्टा चालत नाही. सप्टेंबर 2009 मध्ये ओंदोय वादळात केझोन सिटीच्या वेधशाळेत 24 तासांत 455 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि मारिकिना नदीकाठची घरे पाण्याखाली गेली. नोव्हेंबर 2020 मध्ये युलिसिस वादळात पुन्हा तेच घडले. त्यामुळे पन्हळी साफ करणे, पत्र्यांच्या खिळ्यांभोवती सीलंट भरणे, वाळवी पाहणे, गंजलेल्या चौकटी घासून रंगवणे ही कामे येथे शेजारी एकमेकांना आठवण करून देऊन करतात. पावसाचा जोर ओसरून अमिहान, म्हणजे ईशान्येचे कोरडे गार वारे सुरू होऊ लागले, की छपरावर माणूस चढवण्याची वेळ झाली असे समजावे.

नेमक्या याच दिवसांत नाताळची सजावटही रंगात आलेली असते. फिलिपिनो लोकांचा नाताळ सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतो, हे प्रथम ऐकले तेव्हा मला खरे वाटले नव्हते. पण त्या दिवसापासून दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात आणि हळूहळू प्रत्येक घराच्या वळचणीला पारोल, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील लागतो. साधा पारोल बांबूच्या कामट्यांचा आणि पातळ रंगीत कागदाचा असतो, त्याला खाली दोन झुपकेदार शेपट्या असतात, आणि तो पाहिला की वसईत नाताळला अंगणात लागणारा ताराच आठवतो. 16 डिसेंबरपासून 24 डिसेंबरपर्यंत पहाटेच्या अंधारात नऊ दिवस मिस्सा, म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधी, होतात. त्यांना सिम्बांग गाबी म्हणतात. चर्चबाहेर कोळशावर भाजलेली बिबिंका आणि बांबूच्या नळीत वाफवलेले जांभळे पुतो बुंबोंग हे तांदळाचे गोड पदार्थ मिळतात. पहिल्या पहाटेला, 16 तारखेला, मिस्सेला निघताना आपल्या दारावर पारोल उजळलेला असावा, एवढीच माझी इच्छा होती.

कंदील मी मनिलाच्या दुकानातून घेतला नाही. पाम्पांगा प्रांतातील सान फेर्नांदो हे शहर या कंदिलांचे माहेरघर आहे. मनिलापासून उत्तरेला साधारण 65 ते 70 किलोमीटर. तेथे डिसेंबरमध्ये महाकंदिलांची स्पर्धा होते, त्यात वस्त्यावस्त्यांचे कारागीर सुमारे 20 फूट व्यासाचे कंदील उभे करतात. त्यांतील हजारो दिव्यांचा खेळ पारंपरिक पद्धतीने लोखंडी पिंपांवर चालतो. पिंप हाताने फिरवले जाते, त्याच्या पत्र्यावर चिकटपट्टीने नक्षी आखलेली असते, आणि केसांच्या पिना त्या पत्र्याला टेकल्या की दिवे लागतात, पट्टीवर आल्या की विझतात. संगीताच्या ठेक्यावर रंग पालटताना पाहिले की या लोकांच्या हातातील कसब पाहून आदराने मान लवते. घरगुती पारोलमध्ये आता एलईडी आणि छोटा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो, पण रंगांची उमलत जाणारी रचना तीच.

मी घेतला तो कापिस शिंपल्यांचा, तारेच्या चौकटीचा. कापिसचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे कापून, रंगवून, चौकटीत बसवतात, आणि दिवा लागला की त्यांतून येणारा उजेड काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो. हाच शिंपला गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेला वाचकांनी पाहिला असेल. फिलिपीन्समधील स्पॅनिश काळातील दगडी-लाकडी घरांच्या सरकत्या खिडक्याही त्याच शिंपल्याच्या आहेत. विकत घेताना कारागिराकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : एलईडीच्या माळेची मूळ खोकी आणि वीज रूपांतरकाची खोकी. या देशात नाताळच्या दिव्यांच्या माळांवर पीएस किंवा आयसीसी हे प्रमाणचिन्ह असणे सक्तीचे आहे, आणि हाताने बनवलेल्या कंदिलावर ते दिसत नसले तरी खोक्यावर असते. पुढे अर्जाला त्याचे छायाचित्र जोडावे लागले तेव्हा ही खोकी कामी आली.

आता मुख्य अडचण. पारोल टांगायची जागा म्हणजे ओटीवरची वळचण, आणि तेथली पन्हळ गंजून मधोमध फाटलेली होती. पाणी नेमके त्याच ठिकाणी भिंतीवर उतरत असे. पन्हळ बदलल्याशिवाय आकडा बसवता येत नव्हता, आणि वीज बाहेर आणण्यासाठी एक झाकणाचा प्लगही हवा होता. वसाहतीत बाहेरच्या कामगाराकडून कोणतेही काम करून घ्यायचे तर संघटनेचा कामाचा परवाना, परत मिळणारी अनामत रक्कम आणि कामगाराचे ओळखपत्र लागते. यात मला काही गैर वाटत नाही. फाटकातून कोण येते-जाते हे कळलेच पाहिजे. पत्र्याचे काम करणारे आमचे वयाने वडीलधारे मिस्त्री, यांच्याकडे त्यांच्या बारांगायचा, म्हणजे येथील सर्वांत लहान स्थानिक प्रशासनाचा, दाखला आधीपासून होता. अर्ज, नकाशा, कामाचा अंदाज, अनामत, सगळे एका दिवशी दिले.

कार्यालयातील बाईंनी अर्ज वाचला आणि मालकिणीची संमती मागितली. दुबईहून मालकिणीने त्याच संध्याकाळी सहीचे पत्र आणि पासपोर्टची प्रत पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळाले की पत्र चालणार नाही, विशेष मुखत्यारपत्र लागेल, येथे सर्वजण ज्याला एसपीए म्हणतात ते, आणि ते परदेशात केलेले असल्यामुळे फिलिपीन्सच्या वाणिज्य दूतावासात नोंदवलेले हवे. दुबईत असलेल्या व्यक्तीला त्यासाठी दूतावासात वेळ घेऊन स्वतः हजर राहावे लागते आणि मूळ कागद कुरिअरने पाठवावा लागतो. घर विकायचे असते, कर्ज काढायचे असते, तर ही मागणी समजू शकले असते. फाटलेली पन्हळ बदलून तेथे कंदील टांगण्यासाठी एका परिचारिकेने दोन पाळ्यांमधली सुटी खर्च करून दूतावासात रांग लावावी, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटली, आणि आजही वाटते.

मी नम्रपणे विचारले की हा नियम कोठे लिहिलेला आहे. उत्तर आले की पद्धत आहे. समितीच्या सचिवांना भेटता येईल का, तर ते उंदासच्या सुटीवर गावी गेले आहेत. उंदास म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सुमारास लोक आपल्या माणसांच्या कबरी साफ करायला, फुले आणि मेणबत्त्या लावायला गावी जातात. ती प्रथा मला जवळची आहे, त्यामुळे मी थांबले. नंतर सचिव आले, पण समितीची बैठक पुढे गेली. बैठक झाली, पण आमचा अर्ज विषयपत्रिकेवर नव्हता. मध्येच एका वादळाचा इशारा आला आणि कार्यालय बंद राहिले. त्या पावसात फाटक्या पन्हळीतून पाणी भिंतीत मुरत होते, मी बादल्या लावत होते, आणि ज्या कामाने ते थांबले असते त्याचा अर्ज कोणाच्या तरी टेबलावर कोरडा पडून होता. दरवेळी काउंटरवर तेच हास्य, तोच ‘उद्या, माम’. येथील माणसे स्वभावाने गोड आहेत, कोणी आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच काम अडले आहे हे उशिरा जाणवते. चढलेल्या आवाजाने येथे काहीच साधत नाही, उलट दार बंद होते. हे मी आधीपासून जाणून होते, म्हणून प्रत्येक वेळी शांतपणे पण लेखी विचारत राहिले आणि प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का घेतला. हे शिक्केच शेवटी उपयोगी पडले.

मार्ग दोन बाजूंनी निघाला. पहिली बाजू कायद्याची. फिलिपीन्समध्ये घरमालकांच्या संघटनांसाठी 2010 पासून प्रजासत्ताक कायदा क्रमांक 9904 लागू आहे. मालकाची लेखी संमती असेल तर भाडेकरूला घरमालकाचे हक्क वापरता येतात, असे त्यात म्हटले आहे. लेखी संमती, दूतावासात नोंदवलेले मुखत्यारपत्र नव्हे. मी ते कलम छापून, खाली रेघ ओढून, अर्जाला जोडले आणि एसपीए नेमका कोणत्या नियमाखाली हवा आहे ते लेखी कळवावे, अशी विनंती केली. दुसरी बाजू मालकिणीने काढली. परदेशी जाताना तिने घराची देखभाल, भाडे आणि कर यांसाठी बुलाकान प्रांतात राहणाऱ्या आपल्या थोरल्या भावाच्या नावे एक एसपीए करून ठेवला होता. परदेशी काम करणारे बहुतेक लोक असा कागद जवळच्या नातेवाइकाकडे ठेवतात. तो नोटरीसमोर देशातच झालेला होता आणि त्यात डागडुजीचा शब्दशः उल्लेख होता. पहिल्याच दिवशी काउंटरवर ‘मालकिणीचा येथे कोणी मुखत्यार आहे का’ एवढे एकच वाक्य विचारले असते, तर सगळा नोव्हेंबर वाचला असता. ते विचारणे त्यांचे काम होते. भाऊ एका शनिवारी एसपीएची प्रत आणि संमतीपत्र घेऊन स्वतः आले, सोबत घरच्या केळ्यांचा घडही घेऊन आले. कायद्याचे कलम, भावाची सही आणि माझे पोहोचेचे शिक्के एकत्र ठेवल्यावर सचिवांनी बैठकीची वाट न पाहता परवान्यावर सही केली.

तो कागद हातात आला तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही. त्यानंतरचे काम भराभर झाले. मिस्त्रींनी जुनी पन्हळ काढली, नवी जस्तलेपित पन्हळ उतार देऊन बसवली, जोडांवर सीलंट भरले. आकडा पन्हळीत कधीही बसवू देऊ नये. तो पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीत, म्हणजे छपराच्या भाराच्या अंगाला बसवावा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात कंदिलासह पन्हळ खाली येते. 16 डिसेंबरच्या पहाटे आमच्या दारावर पारोल उजळलेला होता.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी अर्ज सप्टेंबरमध्येच द्यावा, कारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उंदास, 30 नोव्हेंबरचा बोनिफासियो दिन आणि 8 डिसेंबरचा मरियेचा सण अशा सुट्या एकामागून एक येतात. घरमालकाकडे मुखत्यारपत्र कोणाच्या नावे आहे, ही चौकशी घर घेतानाच करावी. कापिसला लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल लावू नये; शिंपला म्हणजे चुनखडीच, तो आम्लाने विरघळतो आणि चमक जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, एवढे पुरते. हवामान खात्याने, म्हणजे पागासाने, वाऱ्याचा पहिल्या क्रमांकाचा जरी इशारा दिला तरी कंदील उतरवून घरात ठेवावा. घराच्या आत मात्र कोणाची परवानगी लागत नाही : आम्ही बैठकीत वेताच्या जाळीच्या खुर्च्या ठेवल्या, जमिनीवर सामार बेटावरचे विणलेले बानिग, म्हणजे चटया, पसरले आणि कोपऱ्यात वसईच्या पद्धतीची गव्हाण मांडली.

येथे कंदील 25 डिसेंबरनंतर लगेच उतरवत नाहीत; तीन राजांच्या सणापर्यंत, आणि पुष्कळ घरांत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी येणाऱ्या सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, सणापर्यंत तो लागलेला असतो. आम्हीही तसाच ठेवला. उतरवल्यावर तारेच्या चौकटीवर कोठे गंज दिसतो का ते पाहून, कागदात गुंडाळून, उभा न ठेवता आडवा ठेवला. यंदाच्या भाडेकराराला मालकिणीच्या भावाच्या सहीचे कायम संमतीपत्र आम्ही जोडून घेतले आहे, आणि त्यात छप्पर, पन्हळ, वाळवी, रंग आणि बाहेरचे दिवे ही पाचही कामे नावानिशी लिहून घेतली आहेत. त्याची एक प्रत पोहोचेच्या शिक्क्यासह संघटनेच्या कार्यालयात आधीच दिली आहे.